प्रस्तावना : प्रतिकाराच्या खुणा

एचआयव्हीबाधित माणसाला टीबी का होतो, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरीव उत्तर आहे. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती कमी होते आणि ती कमी झाली की अंगात दबून असलेला टीबी डोकं वर काढतो. एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) सेंटरच्या भिंतीवरच्या तक्त्यात हेच असतं आणि नर्सिंगच्या परीक्षेत हेच लिहिलं की गुण मिळतात. उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. त्यात टीबी हा नुसता संधीची वाट बघत बसलेला जंतू ठरतो आणि बिघाडाचं सगळं काम एकट्या एचआयव्हीच्या नावावर जमा होतं. टीबीच्या जंतूला दाबून ठेवणाऱ्या पेशी कोणत्या, एचआयव्ही सगळ्यात आधी नेमका त्यांनाच का गाठतो, टीबी पेटला की एचआयव्हीच्या हाती काय लागतं, आणि औषधांनी प्रतिकारशक्ती परत आली की काही रुग्णांची तब्येत आधी का बिघडते, ही उरलेली अर्धी गोष्ट मराठीत कुणी सलग सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. या पुस्तकात ती आहे.

पुस्तकाच्या दोन लेखकांपैकी एक छातीच्या विकारांचे डॉक्टर आहेत आणि दुसऱ्या समुपदेशक. हस्तलिखित वाचताना कुठलं पान कोणी लिहिलं असेल हे ओळखायचा खेळ मी थोडा वेळ खेळलो आणि मग सोडून दिला, कारण पेशींबद्दलची काही सगळ्यात सोपी पानं समुपदेशकांची निघाली. वाचक म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर टीबी हेल्थ व्हिजिटर, आशाताई, लॅबमधले तंत्रज्ञ, नव्यानं रुजू झालेले डॉक्टर आणि स्वतः रुग्ण आहेत. म्हणून प्रस्तावनेत मी शास्त्राची एक फेरी आधीच मारून घेतो, म्हणजे पुढची प्रकरणं कुठूनही उघडली तरी वाचक अडणार नाही.

आधी आवाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला आणि साडेबारा लाख लोक त्यानं दगावले. त्यांतले १ लाख ६१ हजार एचआयव्हीबाधित होते. टीबीचा जंतू अंगात शिरलेल्या, पण बाकी धडधाकट असलेल्या माणसाला आयुष्यभरात कधीतरी आजार होण्याची शक्यता शेकडा ५ ते १० धरतात. एचआयव्ही असेल आणि एआरटी चालू नसेल, तर जवळजवळ तेवढाच धोका एका वर्षाचा असतो. न्यूयॉर्कमध्ये मेथाडोन उपचार घेणाऱ्या लोकांचा १९८९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत आजही सांगितला जातो. तिथल्या २१७ एचआयव्हीबाधितांपैकी आठ जणांना टीबी झाला, बाधा नसलेल्या ३०३ जणांपैकी एकालाही नाही. ज्यांची ट्यूबरक्युलिन चाचणी आधीच पॉझिटिव्ह होती, त्या एचआयव्हीबाधितांमध्ये हे प्रमाण वर्षाला शंभरात जवळपास आठ निघालं.

रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जाहीर केला, तेव्हापासून वैद्यकाचं बरंचसं लक्ष जंतूवर राहिलं. पण टीबीचा आजार समजून घ्यायचा तर नजर शरीराकडे वळवावी लागते. खोकल्यातून हवेत उडालेला जंतू दुसऱ्याच्या फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतो. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याला गिळतात. इतर जंतूंचं पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. गिळलेल्या जंतूभोवतीची पिशवी पेशीतल्या पाचक द्रव्यांच्या पिशवीला जाऊन मिळते आणि जंतू पचतो. टीबीचा जंतू हे मीलनच रोखतो. ज्या पेशीनं त्याला संपवायचं, तिच्यातच तो घर करून वाढतो.

मॅक्रोफेजला यातून बाहेर काढणारा निरोप बाहेरून यावा लागतो. तो आणतात सीडीफोर प्रकारच्या टी-पेशी. काही आठवड्यांनी त्या जंतूची ओळख पटवून फुप्फुसात पोहोचतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं द्रव्य सोडतात. त्यानं मॅक्रोफेज जागा होतो, पिशव्या जुळतात, जंतूची वाढ थांबते. जोडीला टीएनएफ हे द्रव्य पेशींना एकत्र बांधून धरतं. मॅक्रोफेज मधोमध आणि टी-पेशींचं कडं बाहेर अशी एक सूक्ष्म गाठ तयार होते, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबते. जंतू मरतो असं नाही, पण हलतही नाही. हा ग्रॅन्युलोमा म्हणजे निव्वळ तुरुंग, असंही मात्र समजू नये. बडोद्यात वाढलेल्या संशोधक ललिता रामकृष्णन यांच्या प्रयोगशाळेनं झेब्राफिश या माशाच्या पारदर्शक पिल्लांमध्ये दाखवून दिलं, की गाठ बनण्याच्या सुरुवातीच्या काळात तिथे धावून येणाऱ्या नव्या पेशींमध्ये जंतू पसरून घेतो. लेखकांनी लढाई, सैनिक, किल्ला ही नेहमीची भाषा पुस्तकभर कटाक्षानं टाळली आहे, त्याचं कारण हेच असावं. इथे कोण कुणाच्या बाजूनं आहे हे दर वेळी नव्यानं विचारावं लागतं.

ही दोन द्रव्यं किती महत्त्वाची आहेत, याचा पुरावा एचआयव्हीच्या बाहेरून मिळाला आहे. इंटरफेरॉन गॅमाचा निरोप घेणारा दरवाजाच ज्या मुलांच्या पेशींवर जन्मतः सदोष असतो, त्यांना बीसीजीच्या लशीतला निरुपद्रवी जंतूही जीवघेणा ठरू शकतो. संधिवातासाठी टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध आलं, तेव्हा ते घेणाऱ्यांपैकी काहींचा दबलेला टीबी उफाळून आला आणि २००१ साली तसा इशारा प्रसिद्ध झाला. एक द्रव्य काढून घेतलं की गाठ सुटते. एचआयव्ही तर निरोप आणणारी पेशीच काढून घेतो.

आता मुद्द्याची गोष्ट. टीबीची म्हणून जी लक्षणं आपण ओळखतो, ती बहुतेक शरीराच्या प्रतिकारानं तयार केलेली असतात. एक्स-रेवर फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसणारी पोकळी जंतू एकटा खणत नाही. त्याच्याशी झगडणाऱ्या पेशींच्या धुमश्चक्रीत तिथलं ऊतक मरतं, पातळ होतं आणि श्वासनलिकेत रितं होतं. मागे पोकळी राहते. त्या पोकळीत भरपूर हवा, भरपूर जंतू, आणि खोकल्याबरोबर ते बेडक्यातून बाहेर. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीत टीबीचा जंतू दिसतो तो या सगळ्या उलाढालीनंतर. म्हणजे प्रतिकार जितका जोरदार, तितका टीबी पुस्तकात लिहिल्यासारखा दिसतो. सीडीफोर पेशी रक्ताच्या दर घनमिलिमीटरला दोनशेच्या खाली, शंभराच्या खाली जात जातात, तसा टीबी बदलतो. पोकळ्या होत नाहीत. डाग फुप्फुसाच्या खालच्या भागात दिसतात, छातीतल्या लसिका ग्रंथी सुजतात, किंवा खसखशीएवढे ठिपके दोन्ही फुप्फुसांभर पसरतात. काही रुग्णांचा एक्स-रे चक्क स्वच्छ असतो. बेडक्यात जंतू सापडत नाही, कारण तो बेडक्यात यायला जी मोडतोड व्हावी लागते ती झालेलीच नसते. जंतू मात्र रक्तातून यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, हाडांचा मगज, मेंदूची आवरणं असा सगळीकडे पोहोचलेला असतो.

मांटू चाचणी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे पटकन कळेल. हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, कातडीच्या वरच्या थरात ट्यूबरक्युलिनचा एक थेंब टोचतात. सुई बरोबर लागली तर संत्र्याच्या सालीसारखा पांढुरका फुगवटा येतो आणि थोड्या वेळानं बसतो. दोन-तीन दिवसांनी रुग्ण परत येतो. नवशिका माणूस लाली मोजतो. मोजायचा असतो घट्टपणा. बोटाच्या टोकानं बाहेरून आत चाचपत जायचं, कड लागली की बॉलपेननं खूण करायची, दुसऱ्या बाजूनं तसंच, आणि दोन खुणांमधलं आडवं अंतर पट्टीनं मिलिमीटरमध्ये लिहायचं. हा घट्टपणा म्हणजे टीबीची आठवण असलेल्या टी-पेशींनी तिथे येऊन केलेली गर्दी. हे ट्यूबरक्युलिन कॉखनं १८९० मध्ये टीबीवरचं औषध म्हणून जाहीर केलं होतं. औषध म्हणून ते साफ फसलं, चाचणी म्हणून सव्वाशे वर्षं टिकलं. आपल्याकडे सर्वसाधारणपणे दहा मिलिमीटरची कड धरतात, एचआयव्ही असेल तर पाचची, कारण गर्दी करणाऱ्या पेशीच कमी. आणि सीडीफोर फारच खाली असतील तर हात सपाट राहतो. अशा सपाट हाताकडे बघून ‘टीबी नाही’ असा शेरा मारला, तर तो शेरा खरं तर रुग्णाच्या टी-पेशींबद्दलचा असतो.

इथवरची गोष्ट उतरत्या सीडीफोरची झाली. मला स्वतःला या विषयात सगळ्यात जास्त खिळवून ठेवणारा भाग त्याच्याही आधीचा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींतल्या कामगारांच्या नोंदी तपासून २००५ साली एक निष्कर्ष मांडला गेला. एचआयव्हीची बाधा झाल्यानंतर पहिल्याच वर्षात टीबीचं प्रमाण दुप्पट झालेलं होतं. पहिल्या वर्षात सीडीफोरचा आकडा सहसा इतका घसरलेला नसतो की संधिसाधू आजार व्हावेत. मग टीबीच एवढ्या लवकर का?

उत्तराचा मोठा भाग टांझानियातल्या म्बेया इथल्या रुग्णांच्या रक्तातून मिळाला. ख्रिस्तोफ गेल्डमाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं, की एचआयव्ही सगळ्या सीडीफोर पेशींना सारखाच ग्रासत नाही. टीबी ओळखणाऱ्या सीडीफोर पेशी तो आधी आणि जास्त संपवतो. सीएमव्ही हा दुसरा विषाणू ओळखणाऱ्या सीडीफोर पेशी त्याच माणसात बऱ्याचशा टिकून राहतात. फरक त्या पेशी काय सोडतात यात आहे. एचआयव्हीला पेशीत शिरायला सीसीआर-फाइव्ह नावाची कडी लागते. सीएमव्ही ओळखणाऱ्या पेशी उत्तेजित झाल्या की एमआयपी-वन-बीटा हे द्रव्य मुबलक सोडतात. ते स्वतः जाऊन त्या कडीला चिकटतं आणि विषाणूची वाट अडवतं. टीबी ओळखणाऱ्या पेशी हे द्रव्य फारसं सोडत नाहीत, वर पेशींची वाढ करवणारं इंटरल्युकिन-टू भरपूर सोडतात. थोडक्यात, दार उघडं आणि आत चूल पेटलेली. एकूण सीडीफोरचा आकडा अजून सहाशेवर असतो, रिपोर्ट हातात घेऊन रुग्ण निश्चिंत होतो, आणि टीबीला धरून ठेवणारी नेमकी तुकडी तोवर विरळ झालेली असते. दर घनमिलिमीटरला किती सीडीफोर हे सांगणारा आकडा सगळ्या पेशी एकाच पारड्यात घालून मोजतो. कोणत्या आजाराची आठवण त्यातून पुसली गेली, हे तो सांगत नाही. पुस्तकाचं तिसरं प्रकरण पूर्णपणे यावर आहे आणि मला ते पुस्तकातलं सर्वोत्तम प्रकरण वाटतं.

आता उलट दिशा. टीबी एचआयव्हीचं काय करतो?

सुप्त पेशीत एचआयव्ही पडून राहतो. त्याच्याकडे स्वतःच्या प्रती काढायचं यंत्र नसतं, तो पेशीचंच यंत्र वापरतो. गिरणी बंद असेल तर दाराशी दळणाचे कितीही डबे ठेवले तरी पीठ पडत नाही. टीबी ही गिरणी चालू करतो. टीबीला उत्तर म्हणून पेशी टीएनएफ सोडतात. टीएनएफमुळे पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचा घटक जागा होऊन केंद्रकात जातो आणि एरवी प्रतिकाराची जनुकं सुरू करतो. एचआयव्हीच्या जनुकांच्या तोंडाशी नेमकी त्याच घटकाला बसायची जागा आहे. जंतूला दाबण्यासाठी शरीरानं दिलेली आज्ञा विषाणू स्वतःसाठी वापरतो. हे नुसतं परीक्षानळीतलं नाही. टीबीच्या रुग्णांच्या फुप्फुसांचा दुखावलेला भाग आणि निरोगी भाग वेगवेगळा धुऊन तपासला, तेव्हा दुखावलेल्या भागात एचआयव्ही जास्त सापडला. युगांडातल्या ज्या रुग्णांच्या छातीत टीबीमुळे पाणी झालं होतं, त्यांच्या त्या पाण्यातली विषाणूंची पातळी रक्तातल्यापेक्षा वरचढ निघाली. टीबी होऊन गेलेल्या एचआयव्हीबाधितांचा पुढचा प्रवास, तेवढ्याच सीडीफोरच्या पण टीबी न झालेल्या लोकांपेक्षा खडतर असतो, हे १९९५ पासून नोंदलेलं आहे. तेव्हा परिणामकारक एआरटी आलेली नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं. नुसत्या टीबीच्या गोळ्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, भरवशानं खाली येतो असंही नाही, त्या बाबतीत अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. म्हणून दोन्ही उपचार लागतात. त्यातही रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध यकृताला डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीवरचं औषध लवकर संपवायला लावतं, त्यामुळे डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं. गोळ्यांची ती ‘जादा’ डबी का दिली, हे रुग्णाला नीट न सांगितल्यास ती घरी तशीच पडून राहते.

निदानाचं प्रकरण वाचून काही वाचक अस्वस्थ होतील आणि व्हायलाही हवेत. एचआयव्हीमुळे रुग्णालयात मृत्यू आलेल्यांच्या शवविच्छेदनांचा एक एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला. जवळजवळ ४० टक्के जणांच्या शरीरात टीबी होता आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांना जिवंतपणी कुणी तसं निदान केलेलंच नव्हतं. वर सांगितलेलं सगळं इथे जुळतं. खोकला नाही, बेडका नाही, पोकळी नाही, हात सपाट. म्हणून एआरटी सेंटरमध्ये दर भेटीला चार प्रश्न विचारायचे असतात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घाम येतो का. त्यात दोन आठवड्यांच्या खोकल्याची अट नाही. आजचा खोकलाही मोजायचा. गर्दीच्या दिवशी हे चार प्रश्न एका दमात ‘काही त्रास नाही ना?’ असे विचारले जातात आणि उत्तरही तसंच येतं. समुपदेशक लेखिकेनं त्यावर लिहिलेली दोन पानं मुद्दाम वाचावीत.

तंत्रज्ञानानं इथे खरी मदत केली आहे. थुंकीतल्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी जीनएक्स्पर्ट चाचणी २०१० च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केली. आपल्याकडे ती सीबीनॅट म्हणून ओळखतात. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं यंत्र त्याच जातीचं आणि लहान आरोग्य केंद्रातही चालणारं, २०२० मध्ये त्यालाही ती मान्यता मिळाली. पण या दोन्हींना बहुधा बेडका लागतो. लॅम ही लघवीची साधी पट्टी वेगळ्या अंगानं जाते. टीबीच्या जंतूच्या आवरणातला एक घटक मूत्रात उतरतो, तो ती पकडते. सीडीफोर भरपूर असलेल्या माणसात ती बहुधा काही दाखवत नाही. सीडीफोर शंभराखाली गेले, जंतू मूत्रपिंडापर्यंत पसरला, की ती बोलू लागते. बाकी सगळ्या चाचण्या प्रतिकाराच्या आधारानं चालतात आणि तो घटला की मुक्या होतात. ही एकटी उलट चालते. त्यामुळे तिचा खरा उपयोग वॉर्डात, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला आहे. नियमित गोळ्या घेणाऱ्या, हिंडत्याफिरत्या माणसाला ती करून निगेटिव्ह आली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकण्यात अर्थ नाही.

उपचार सुरू होतात आणि गोष्ट एक अनपेक्षित वळण घेते. ‘ताई, गोळ्या सुरू केल्या आणि मी जास्तच आजारी पडले,’ हे वाक्य समुपदेशकांनी किती वेळा ऐकलं असेल. टीबीची औषधं महिनाभर घेऊन बरं वाटू लागलेलं असतं, मग एआरटी सुरू होते. दोन-तीन आठवड्यांत ताप परत चढतो. मानेतली गाठ सुपारीएवढी होती ती लिंबाएवढी होते, वरची कातडी ताणून चकाकते, कधी फुटून पू वाहतो. छातीत पाणी वाढतं. घरच्यांना वाटतं औषध लागू पडत नाही, किंवा मानवत नाही. औषध लागू पडलेलं असतं. विषाणू दबल्यावर टी-पेशी वेगानं परततात आणि शरीरभर पसरलेल्या टीबीच्या अवशेषांना प्रथमच जोमानं उत्तर देतात. याला आयरिस म्हणतात. जे टीबीनं केलेलं वाटतं, ते परतलेल्या प्रतिकारानं केलेलं असतं. कधीकधी तर आधी टीबी माहीतच नसतो आणि एआरटी सुरू केल्यावर तो उघडा पडतो. मुका होता, त्याला वाचा फुटते.

मग एआरटी उशिरा सुरू करावी का? बरीच वर्षं डॉक्टरांचा कल तसाच होता. कंबोडियात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅमेलिया चाचणीनं तो मोडला. ६६१ रुग्ण, निम्म्यांचे सीडीफोर पंचविशीच्या आत, म्हणजे प्रतिकार जवळपास संपलेला. टीबीची औषधं सुरू झाल्यावर एका गटाला दोन आठवड्यांनी एआरटी दिली, दुसऱ्याला आठ आठवड्यांनी. लवकर दिलेल्या ३३२ जणांपैकी ५९ दगावले, उशिरा दिलेल्या ३२९ पैकी ९०. आणि आयरिस? तो लवकर दिलेल्या गटात अडीचपट होता. ज्या गटाला जास्त त्रास झाला, तोच गट जास्त जगला. रुग्णाला धीर देताना हे आकडे माहीत असणं किती उपयोगी आहे ते सांगायला नको. याला अपवाद मेंदूच्या आवरणाच्या टीबीचा. व्हिएतनाममधल्या अभ्यासात अशा रुग्णांना एआरटी तातडीनं देऊन जीव जास्त वाचले नाहीत, गंभीर त्रास मात्र वाढले. मानेत गाठ फुगायला जागा असते, कवटीत नसते. तिथे थांबावंच लागतं. पुढे केपटाउनमध्ये ज्यांचे सीडीफोर शंभर किंवा त्याहून कमी होते अशा रुग्णांना एआरटीबरोबर चार आठवडे प्रेडनिसोलोनच्या जातीचं स्टेरॉइड देऊन पाहिलं, तेव्हा आयरिसचं प्रमाण ४७ वरून ३३ टक्क्यांच्या आसपास आलं. २०१८ सालचा हा निकाल.

प्रतिकार परत येण्याचा असाच एक काळ बाळंतपणानंतर असतो आणि त्याचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या पुण्यातला आहे. गर्भ टिकावा म्हणून गरोदरपणात प्रतिकाराची घडी बदलते, प्रसूतीनंतर ती पुन्हा पहिल्यासारखी होऊ लागते. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात २००२ ते २००५ या काळात ७१५ एचआयव्हीबाधित बाळंतिणींवर लक्ष ठेवलं गेलं. २४ जणींना टीबी झाला, म्हणजे वर्षाला शंभरात पाच. टीबी झालेल्या आईच्या मृत्यूचा धोका दुपटीहून वर गेला आणि तिच्या बाळाचा तिपटीहून. बाळंतिणीला येणारा ताप, घाम, अशक्तपणा, उतरलेलं वजन, यांतली प्रत्येक गोष्ट आपल्याकडे ‘बाळंतपणाचं आहे, होईल बरं’ या एका वाक्यात निकालात निघते. मालिश, शेक, डिंकाचे लाडू सगळं व्यवस्थित होतं, थुंकी तेवढी तपासायची राहते. लेखकांनी या अभ्यासाला एकच परिच्छेद दिला आहे. माझी त्यांच्याशी एवढी एकच तक्रार आहे, आणि ती मी त्यांना आधीच कळवली होती.

एआरटीनं टीबीचा धोका साधारण दोन तृतीयांशांनी घटतो. आपल्या सरकारी रुग्णालयांत १ एप्रिल २००४ पासून ती मोफत मिळू लागली, त्याचं मोल टीबीच्या अंगानंही मोजायला हवं. उरलेला एक तृतीयांश मात्र चिवट आहे. सीडीफोर आठशेवर गेले, व्हायरल लोड वर्षानुवर्षं मोजण्याच्या पलीकडे दबला, तरी धोका बाधा नसलेल्या माणसाइतका खाली येत नाही. टीबीची आठवण असलेल्या पेशी संख्येनं परतल्या तरी पूर्वीच्या कसबानं परतत नाहीत, असं दिसतं. एकदा टीबी होऊन बरा झालेल्या एचआयव्हीबाधिताला पुन्हा टीबी होतो, तेव्हा तो पुष्कळदा बाहेरून नव्यानं आलेल्या जंतूचा असतो, हे खाणकामगारांमध्येच दिसून आलं होतं. म्हणून टीबी नसताना टीबीची गोळी घ्यायची, हे रुग्णांना न पटणारं काम करावं लागतं. आयव्हरी कोस्टमधल्या टेम्प्रानो अभ्यासात ज्यांना सहा महिने आयसोनियाझिड दिलं, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी राहिलं, आणि हा फायदा चांगले सीडीफोर असलेल्यांनाही झाला. ‘मला काही झालेलं नाही, मग गोळी कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर म्बेयाच्या रक्तनमुन्यांत आहे, ते मी वर सांगितलंच.

बीसीजीचा इथे उपयोग नाही. ती जिवंत जंतूची लस आहे आणि एचआयव्हीबाधित बाळात तोच जंतू पसरू शकतो, त्यामुळे ज्या बाळाला बाधा असल्याचं कळलं आहे, त्याला एआरटी सुरू होऊन प्रतिकारशक्ती स्थिरावेपर्यंत ती देत नाहीत. नव्या लशींपैकी एम-सेव्हन्टीटू या लशीनं टीबीची बाधा असलेल्या, पण एचआयव्ही नसलेल्या प्रौढांमध्ये तीन वर्षांत आजाराचं प्रमाण निम्म्यावर आणलं होतं. तिची तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून सुरू झाली आणि तिच्यात एचआयव्हीसह जगणारे लोकही आहेत. ही लस मुख्यतः सीडीफोर पेशींना शिकवते. एआरटीवर असलेल्या माणसाच्या नव्यानं भरून आलेल्या सीडीफोर पेशी हे शिक्षण घेतात का, घेतलं तर त्या किती काळ टिकतात, आणि पहिल्यांदा ज्या कारणानं गेल्या त्याच कारणानं पुन्हा जातात का, हे त्या चाचणीतून समजेल. शेवटचं प्रकरण लेखकांनी त्यासाठी जाणूनबुजून तोकडं ठेवलं आहे. दुसऱ्या आवृत्तीत ते वाढवायचं त्यांनी कबूल केलं आहे.